डाव्या कोपऱ्यातली खूण

९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

तेवीस वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करतात ते मला माहीत नाही. म्हणून कामापासून करते.

आपल्या इमारतीला यंदा दीडशे वर्षं होताहेत आणि वाचनालयाने मला आपल्या घराण्याच्या बँकेचा इतिहास लिहायला सांगितलाय. चौसष्ट पानं, त्यातली आठ चित्रांची. पंचवीस एप्रिलला छपाई. चौतीस वर्षं वर्तमानपत्रात बसून दुसऱ्यांचे मजकूर कापले, आता स्वतःचा कापायची पाळी आलीय. मजा येतेय, खोटं कशाला सांगू. सकाळी चहा झाला की अठरा पायऱ्या उतरून खाली जायचं आणि जेवायच्या वेळेला धुळीने माखून वर यायचं.

खाली आता एक डॉक्टरीणबाई भाड्याने आहेत, दातांच्या. काउंटरच्या पितळी गजांमागे त्यांची पेशंटं गाल धरून बसतात. मागच्या तिजोरीच्या खोलीत, जिथे लोकांची जन्माची पुंजी असायची, तिथे लोकांच्या दातांचे प्लास्टरचे साचे फळ्यांवर मांडलेत. त्यांच्याच खाली बँकेची कागदपत्रं. "तुमचे पूर्वज आणि माझी गिऱ्हाइकं मजेत राहताहेत एकत्र," असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

ते मोठं टेबलही तिथेच आहे. दाराबाहेर निघतच नाही, त्यामुळे कुणाला विकताही आलं नाही. आपण दोघं त्याच्याखाली घर-घर खेळायचो. पण ते दोन्ही बाजूंनी ड्रॉवर असलेलं का आहे हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तिकेत मी लिहिलंय ते असं:

"संस्थापक मूळचे बियाण्यांचे व्यापारी. दुकानात भक्कम लोखंडी पेटी होती म्हणून गिऱ्हाइकं आपले पैसे त्यांच्याकडे ठेवू लागली आणि १८४९ साली दुकानामागच्या खोलीत बँक सुरू झाली. ही इमारत पंचवीस वर्षांनी उभी राहिली. खाजगी बँक म्हणजे पाठीशी सरकार नाही, भागधारक नाहीत. बुडाली तर मालकांचं घर, भांडी, बोटातली अंगठी, सगळं लोकांचं. संस्थापकांनंतर दोन मुलगे भागीदार झाले. त्यांना गावात थोरले आणि धाकटे म्हणत. दोघांचं पटत नसे, म्हणून वडिलांनी एक शिस्त घालून दिली होती. दोघांनी एकाच टेबलाशी समोरासमोर बसायचं. एकाने लिहिलेलं पत्र मधल्या ट्रेमध्ये ठेवायचं, दुसऱ्याने ते वाचून खाली डाव्या कोपऱ्यात आपली खूण करायची. खूण नसेल तर पत्र इमारतीबाहेर जायचं नाही. भांडण व्हायचंच असेल तर ते टेबलावर व्हावं, बाजारात नको, असं ते म्हणत."

थोरले म्हणजे आपले पणजोबा. धाकटे म्हणजे आत्या ज्यांना अजून "पळपुटे" म्हणते ते. आत्या त्र्याण्णव वर्षांची झाली, कानाने अधू आहे, पण ही गोष्ट सांगताना तिला कुणी थांबवू शकत नाही. "पैशाची चणचण झाली तेव्हा मेला ट्रंका भरून पळाला. थोरल्यांनी एकट्याने बँक वाचवली."

तो शब्द आपल्या घरात नेहमीच हाताशी असायचा. पुढे मी तो एकदा कुठे आणि कुणाला वापरला, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. आज त्याबद्दल लिहीत नाही.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

बातमी मोठी आहे. कागद वाचता येऊ लागले!

त्या काळी पत्राची नक्कल हाताने करत नसत. कांद्याच्या सालीसारखा पातळ, ओलसर कागद पत्रावर ठेवायचा, लोखंडी दाबयंत्राचं चाक फिरवायचं, की शाई त्या कागदात उतरे. अशा बांधलेल्या नकलांच्या वह्या अकरा आहेत. पण दीडशे वर्षांत शाई इतकी फिकी झालीय की माझ्या चष्म्याचं काही चालेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणा इकडे," आणि एक्स-रे बघायची ती दिव्याची पेटी लावून दिली. पान त्यावर ठेवलं आणि थोरल्यांचं अक्षर ठसठशीत उभं राहिलं. तेव्हापासून दोन पेशंटांच्या मधल्या वेळात ती पेटी माझी. काल एका आजोबांना त्यांच्या दाढेच्या जागी आपल्या पणजोबांचं पत्र दिसलं. ते घाबरून विचारतात, "एवढं किडलंय?"

आता १८७८ ची हकीकत ऐक. आत्याची नव्हे, वहीतली.

शनिवारी बातमी आली की बँकेचा सगळ्यात मोठा कर्जदार, एक गलबतांचा मालक, बुडाला. सोमवारी लोक दारात येणार हे दोघा भावांना त्याच दिवशी कळलं होतं. रविवारी थोरल्यांनी बंदरातल्या एका मोठ्या बँकेला पत्र लिहिलं, "माझा भाऊ उद्या आपल्याकडे निघत आहे, आमच्या दोघांची घरं तारण घ्या आणि रोकड द्या." डाव्या कोपऱ्यात धाकट्यांची खूण आहे. म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं होतं, धाकट्या! धाकटे सोमवारी सकाळी गाडीत बसले तेव्हा त्यांच्या ट्रंका रिकाम्या होत्या.

लोकांनी ट्रंका पाहिल्या, त्या रिकाम्या आहेत हे कसं दिसणार? दुपारपर्यंत दारात रांग लागली. थोरले तीन दिवस खिडकीशी स्वतः बसले. प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचे, मुलीच्या तब्येतीची चौकशी करायचे, नाणी दोनदा मोजायचे. वेळ काढत होते. गुरुवारी मागच्या दाराने बियाण्यांची पोती आली, त्यांत रोकड होती. संध्याकाळपर्यंत रांग मोडली. पोत्यांबरोबर धाकटे मात्र आले नाहीत.

मोठ्या बँकेची अट होती. कर्ज फिटेपर्यंत एका भागीदाराने तिथे राहायचं, त्यांच्याच कचेरीत काम करायचं, पगार कर्जात वळता. माणूसच गहाण, दुसरं काय. धाकट्यांचं तिथून आलेलं पत्र वहीत खोचलेलं सापडलं. तसंच उतरवते:

"लोक मला काय म्हणतात ते कळलं. म्हणू द्या. भाऊ पळाला तरी बँक पैसे देते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. बँकेने उसने आणले असं कळलं तर मात्र उद्या पुन्हा रांग लागेल. तेव्हा गप्प राहावं. फक्त कर्ज फिटलं की मला तुम्ही स्वतः बोलवा. मी आपणहून आलो तर पळालेला परत आला असं होईल."

मी दिव्याची पेटी बंद करून गालाला हात लावून बसले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय झालं, दुखतंय का?" त्यांना तेवढंच विचारायची सवय आहे.

आत्याला सांगायला गेले. दोनदा ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "कागदावर काय, कुणीही काहीही लिहील." आपल्या घराण्यात माझा धंदा काय होता ते ती विसरली असावी.

ताई


२४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

सातव्या वहीच्या पान ४१२ वर ते पत्र सापडलं. १८८६, आठ वर्षांनी. पाणी जरा जास्त झालंय, शाई पसरलीय, तरी वाचता येतं.

"प्रिय धाकट्या, शेवटचा हप्ता काल फिटला. आता ये. गाडी कुठली ते कळव. अड्ड्यावर मी स्वतः येईन, सगळ्यांसमोर. वाटेत जो भेटेल त्याला सांगेन की बँक कुणी वाचवली."

तुझं आणि त्यांचं संबोधन एकच निघालं. मी काही ठरवून तसं लिहीत नव्हते, तुला लहानपणापासून तेच म्हणत आलेय.

त्यानंतर मात्र काही नाही. धाकटे आले नाहीत. सात वर्षांनी तिकडेच वारले. मुलंबाळं नव्हती. १९११ साली आपल्या आजोबांनी बँक एका मोठ्या बँकेत विलीन केली, पितळी पाटी उतरवली, गोष्ट संपली.

मला त्यांचा थोडा रागच आला. एवढं बोलावलं तरी माणूस येत नाही म्हणजे काय? पुस्तिकेत मी लिहून टाकलं: "मानी स्वभावाच्या धाकट्यांनी परतीचं बोलावणं नाकारलं." छापखानेवाल्याकडे पाठवलंही. तो खूश आहे, म्हणतो, "ताई, वेळेवर मजकूर देणारं माणूस मी पंधरा वर्षांत पाहिलं नाही, तुमचा फोटो लावू का छापखान्यात?"

तुझ्या मुलीचा फोन आला होता, नव्या वर्षाचा. ती दर वर्षी करते, तुला माहीत असेलच. मला आत्या म्हणते तेव्हा मी क्षणभर माझ्या मागे आपली आत्या उभी आहे का ते बघते. तिने सांगितलं की तू सकाळी फिरायला जातोस आणि गुडघा कुरकुरतो. मी तुझ्याबद्दल आणखी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

ताई


१४ मार्च

प्रिय धाकट्या,

पान ४१ चुकलंय, ते "बोलावणं नाकारलं" लिहिलेलं. छपाईच्या आधी कळलं हे नशीब.

तो मधला ट्रे आठवतो? टेबलाच्या मध्यावरचा, तळाला हिरवं कापड चिकटवलेला. डॉक्टरीणबाई त्यात पुढच्या तारखांची कार्डं ठेवतात. परवा त्यावर औषधाचा पेला उलटला. कापड भिजून सुटलं, म्हणून त्यांनी ते सोलून काढलं आणि मला जिन्यातून हाक मारली, "अहो, खाली या! तुमचं काहीतरी माझ्या कार्डांखाली निघालंय."

१८८६ चं पत्र होतं. नक्कल नव्हे, मूळ पत्र. उजवीकडे थोरल्यांची सही होती. डावा कोपरा कोरा.

ते गेलंच नव्हतं, धाकट्या. थोरल्यांनी ते लिहिलं, दाबयंत्रात घालून नक्कल काढली, शिस्तीप्रमाणे मधल्या ट्रेमध्ये ठेवलं आणि समोरच्या माणसाच्या खुणेची वाट पाहत बसले. समोर खुर्ची रिकामी होती. खूण करायची ज्याने, पत्र त्यालाच होतं. रोजच्या पत्रांचं मुनिमाला समोर बसवून भागत असे, ते वह्यांत दिसतं. पण ह्या पत्रावर मुनिमाची खूण कशी घ्यायची? त्याला सगळं कळलं असतं. मग ते तिथेच राहिलं. कधीतरी त्यावर कापडही चिकटवलं गेलं, कुणी चिकटवलं देव जाणे.

पहिल्यांदा मी हसले. डॉक्टरीणबाईही हसल्या. "एवढा हुशार माणूस आणि एक तिकीट लावता येईना?" मग मी वर आले आणि हसू आपोआप थांबलं.

कारण शिस्त आडवी आली हे मला पटेना. शिस्त सोयीची होती. पत्र गेलं असतं तर धाकटे आले असते, आणि आठ वर्षं गावाने ज्याला एकट्याने बँक वाचवणारा म्हणून मान दिला त्याला अड्ड्यावर सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं असतं. लिहिणं त्यांना जमलं. पाठवणं जमेना.

आता माझं ऐक.

तू निघालास त्या दिवशी मी जिन्याच्या वर उभी होते आणि तू खाली शेवटच्या पायरीवर बॅग टेकवून वळला होतास, काहीतरी सांगायला. बाबा आतल्या खोलीत अंथरुणावर. मी तुला बोलूच दिलं नाही. "जा, पळपुट्या," म्हणाले. तू बॅग उचललीस. सहा आठवड्यांनी बाबा गेले.

त्याच संध्याकाळी बाबांनी मला सांगितलं होतं. "त्याला मीच घालवला. नोकरी सोडून माझ्या उशाशी बसणार होता, मी शपथ घातली. तू त्याच्यावर चिडू नकोस." हे मला तेवीस वर्षांपूर्वी त्या संध्याकाळीच कळलं होतं. नंतर नव्हे. मी आत्याला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. लोक म्हणायचे, पोरीने एकटीने बापाचं केलं. ते ऐकायला मला बरं वाटायचं. एकदा बरं वाटलं की मग सांगायची वेळ रोज थोडी थोडी लांबते.

अजून एक. जानेवारीपासूनची ही तीन पत्रं तुला मिळालेली नाहीत. ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. मी स्वतःला सांगत होते की मजकूर पक्का होऊ दे, मग एकदम पाठवू. मजकूर पक्का केव्हा होतो हे मला नाही तर कुणाला कळणार!

आज चारही पत्रं एका पाकिटात घालतेय, सोबत पुस्तिकेची मुद्रितं. पान ४१ नव्याने लिहिलंय, थोरल्यांना सांभाळून न घेता. तू सगळं वाच. पटलं तर प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात खूण कर. पटलं नाही तर खोड. तुझ्या खुणेशिवाय मी छापणार नाही. पण तुझ्या खुणेची वाट बघत हे पाकीट मात्र ट्रेमध्ये ठेवणार नाही. टपालात टाकायला आत्ता निघालेय, चप्पल पायात आहे.

तुझी ताई

ता. क. वाटेत आत्याकडे गेले आणि बाबांचं सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे शेजारणीलाही कळलं. आत्या म्हणाली, "म्हणजे तेवीस वर्षं तू मला त्या पोराशी फुकट अबोला धरायला लावलास? माझ्याकडे अशी किती वर्षं उरलीत, भवाने?" आणि मग माझ्याच पदराला डोळे पुसले.


१९ एप्रिल

प्रिय धाकट्या,

पाकीट काल आलं.

एक महिनाभर रोज टपालवाल्याची वाट पाहिली. छापखानेवाल्याचे चार फोन आले. "ताई, पंचवीस तारीख म्हणजे पंचवीस तारीख, मागे कॅलेंडरवाले रांगेत आहेत." मी त्याला सांगितलं की दुसरी खूण आल्याशिवाय पान सुटणार नाही, आमच्या बँकेची शिस्त आहे. तो म्हणाला, "बँक बंद होऊन शंभर वर्षं झाली ना?" मी म्हटलं, "शिस्त चालू आहे."

पाकीट जड होतं. पत्र शोधलं. नव्हतं. एक चिठ्ठीसुद्धा नाही. मग मुद्रितं उलगडली.

पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात तुझी खूण आहे. शाळेच्या वहीवर करायचास तीच, शेपटीला वेलांटी देऊन. दुसऱ्या पानावर. तिसऱ्या पानावर. पान ४१ वर शाई जरा जास्त दाबलेली आहे, मागच्या पानावर उमटलीय, अगदी नकलेसारखी. मी ते दिव्यासमोर धरून पाहिलं. खूणच आहे, दुसरं काही नाही. मला तेवढी पुरली.

चौसष्टपैकी त्रेसष्ट पानांवर खूण आहे. पान ९ वर नाही. तिथे माझं "अठरा पायऱ्या" खोडून तू वर लिहिलंयस: सतरा.

मी लगेच जाऊन मोजल्या. अठरा. पुन्हा मोजल्या, अठरा. डॉक्टरीणबाईंना मोजायला लावल्या. त्या खालून वर गेल्या तर अठरा, वरून खाली आल्या तर सतरा! मग म्हणाल्या, "हा खालचा रुंद दगड तुम्ही पायरी धरता की जमीन?" एका पेशंटने तोंडात कापूस असूनही बोटांनी सतरा दाखवले. छापखानेवाला प्रूफ न्यायला आला होता, तो म्हणतो अठरा, पण त्याला घाई आहे म्हणून तो काहीही म्हणेल.

मग आठवलं. लहानपणीही हेच भांडण होतं. तू म्हणायचास, तो दगड पायरी नव्हेच, तिथे पोचलं की पोचलं. तू बॅग टेकवून वळला होतास तो हाच दगड. म्हणजे तुझ्या हिशेबाने तू तेव्हा जिन्यावर नव्हतासच. खाली उतरून झालेलं होतं, आणि तरी थांबला होतास.

यावर मी निकाल देणार नाही. आयुष्यभर आकडे तपासले, हा एक एकटीने तपासायचा नाही. छापखानेवाल्याला पान ९ अडवून ठेवायला सांगितलं आणि त्याच्याकडून दहा दिवस मागून घेतले. त्याने डोक्याला हात लावला. "ताई, तुम्ही? तुम्ही मुदत चुकवणार?" मी म्हटलं, "फोटो लावू नका मग." चौतीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि काही वाईट वाटत नाहीये. छान झोप लागली रात्री.

आत्या रोज विचारते, "आला का?" मी म्हणते, "अगं, अजून बोलावलं कुठे नीट." ती म्हणते, "मग काय मुहूर्त बघतेस का?"

तेव्हा बोलावतेय. पान ९ टेबलावर तुझ्या बाजूला ठेवलंय, ट्रेमध्ये नाही, थेट खुर्चीसमोर. त्यावर पितळी गोळा ठेवलाय, उडू नये म्हणून. डॉक्टरीणबाईंनी त्या खुर्चीवर पेशंट बसवायचं बंद केलंय. मुलीला सांग, गुडघ्याचा पट्टा बॅगेत टाक म्हणावं, पायऱ्या सतरा असोत की अठरा, चढायच्या तर आहेतच.

गाडी कुठली ते कळव. मी स्वतः येईन. आत्यालाही आणते, ती मोठ्याने बोलते, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल.

तुझी ताई